शेवटी जे येणारे इंग्रजी शब्द सांगा (क्यू, झेड, व्ही ने छळलेल्यांनीपण या)

खिडकीतला_बोका:
मंडळी, रविवारचं भांडण इथं आणलंय, निवाडा करा.

आमच्याकडं दर रविवारी आत्या जेवायला येते आणि ताटं उचलली की स्क्रॅबलचा डबा निघतो (अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर जोडून इंग्रजी शब्द करायचे, प्रत्येक अक्षराचे पॉइंट ठरलेले). आत्या ७४ वर्षांची, सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेलेली, आणि मी दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेला माणूस, त्यामुळं आजवरचा हिशोब काय असेल ते विचारू नका. तर परवा डाव संपत आला होता, पिशवी रिकामी, माझ्या रॅकवर दोनच टाइल्स, ए आणि जे. जे हातात राहिला तर ८ पॉइंट वजा आणि वर तेच आत्याला जमा. बोर्डावर खाली डावीकडं एक आर मोकळा दिसला, मी गुपचूप ए आणि जे ठेवून राज केलं, आर-ए-जे, १० पॉइंट, सुटलो. आत्या म्हणे, उचल ते. राज हे मुलाचं नाव आहे, नावं चालत नाहीत. मी म्हटलं अगं ब्रिटिश राज मधलं राज, ती म्हणे त्याचा आर कॅपिटल असतो आणि इंग्रजीत जे ने शब्द संपतच नाही, चाळीस वर्षं शिकवलंय मी. शेवटी मोबाइलवर कॉलिन्सची, म्हणजे स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांची, यादी उघडली. चालतो! राज म्हणजे सत्ता, राजवट, लहान आर ने.

डाव मी हरलोच, तो विषय वेगळा. पण आता डोक्यात किडा वळवळतोय, असे अजून किती आहेत? शेवटी जे असलेले सांगा, पुढच्या रविवारी लागतील.

चहाबाज:
आत्यांनी चाळीस वर्षं शिकवलं आणि तुम्ही दहा पॉइंटसाठी त्यांना मोबाइल दाखवलात. धन्य.

परदेशी_पाखरू:
बोका, मी न्यू जर्सीत असते आणि इकडच्या क्लबात चार वर्षं खेळतेय म्हणून सांगते. जे ने संपणारे जे कायम उपयोगी पडतात ते असे: राज, ताज, हज. मग हज चीच अजून दोन स्पेलिंग, एच-ए-डी-जे आणि एच-ए-जे-जे (दुसऱ्यात जे दोन लागतात, डब्यात एकच असतो, मग ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर म्हणून चालणारी कोरी टाइल, घालावा लागतो, तेव्हा विसरा). आणि शेवटचा, स्वराज. तोही दोन प्रकारे, एस-डब्ल्यू-ए आणि एस-व्ही-ए. म्हणजे बघा, शेवटी जे आला की शब्द एकतर अरबस्तानातून आलेला नाहीतर आपल्याकडून गेलेला, मूळ इंग्रजी एकही नाही. आत्यांचं म्हणणं तसं पाहिलं तर बरोबरच आहे.

ताज म्हणजे ताजमहाल नव्हे हां, दर्वेशी लोक घालतात ती उंच टोपी.

खिडकीतला_बोका:
स्वराज चालतं??? इंग्रजीत???

परदेशी_पाखरू:
चालतं, इकडच्या यादीतही आणि कॉलिन्समध्येही. सत्याग्रह पण चालतो पण तो दहा अक्षरी, तो लावायची वेळ येईपर्यंत स्वातंत्र्य मिळून जाईल.

एक सांगायचं राहिलं, कुठली यादी धरून खेळताय ते आधी ठरवा नाहीतर दर रविवारी हेच होणार. अमेरिका-कॅनडात स्क्रॅबलचे हक्क एका कंपनीकडं आणि बाकी जगात दुसऱ्या, म्हणून यादीपण दोन. इकडच्या यादीत दोन लाखांच्या आत शब्द आहेत, कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत २,७९,४९६. भारतात स्पर्धांना कॉलिन्सच धरतात, म्हणजे तुमची चैन आहे. दोन अक्षरी शब्द आम्हाला १०७ आणि तुम्हाला १२७. हे वीस वीस म्हणून सोडू नका, बोर्ड गच्च भरल्यावर त्या वीसातच डाव फिरतो. जे वालं दोन अक्षरी आम्हाला एकच, जो, म्हणजे स्कॉटिश प्रियकर किंवा प्रेयसी. तुम्हाला त्यावर जा पण आहे.

शुद्धलेखन_पोलीस:
धाग्याच्या नावात «क्यू, झेड, व्ही ने» असं तोडून लिहिलंय, ने जोडून लिहितात. असो. क्यू चं काय ते कुणी सांगेल का, मी त्यासाठी आलोय.

शब्दवेडी_ताई:
क्यू माझा आवडता विषय, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

डब्यात १०० टाइल्स, त्यात क्यू एक आणि यू चार. क्यू १० पॉइंटचा, म्हणजे हातात आला की आधी आनंद आणि मग दहा मिनिटांनी ताप, कारण तोवर चारही यू कुणीतरी खाल्लेले असतात. म्हणून यू शिवायचे क्यू वाले शब्द पाठ हवेतच. पहिला ची, क्यू-आय, चिनी लोकांची प्राणशक्ती. हा अमेरिकन यादीत २००६ ला आला, झेड-ए बरोबर (पिझ्झाचं लाडाचं नाव, खरंच). तो यायच्या आधी तिकडचे लोक काय करत होते देव जाणे. मग कात, क्यू-ए-टी, येमेनमध्ये पानं चघळतात ती. आपल्या पानात घालतात तो कात नव्हे, मला बरेच दिवस तसंच वाटत होतं.

पण गंमत पुढं आहे. बुरखा, नकाब, तलाक, फकीर, कव्वाली, काइद (तोच, काइद-ए-आझम मधला). हे सगळे यू शिवाय चालतात, कारण उर्दू-अरबीतला घशातून येणारा क आहे ना, त्याच्यासाठी इंग्रजांनी क्यू वापरला. आपण तो क मराठीत आणताना साधा करून टाकला म्हणून आपल्याला स्पेलिंग आठवत नाही. ज्याला उर्दू लिहिता येतं त्याला हे पाठ करावंच लागत नाही, क कुठला ते त्याला माहीतच असतं! बुरख्यात तर मजाच आहे, आपण ख म्हणतो, मूळ शब्द बुर्क़ा.

कव्वाली सात अक्षरी आहे, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. सातही टाइल्स एका दमात लावल्या की ५० जादा, म्हणजे काही रंगीत घर (जिथं अक्षराचे नाहीतर अख्ख्या शब्दाचे पॉइंट दुप्पट-तिप्पट होतात) नसतानाही ७२. मी दोन वर्षं वाट बघतेय. दोन्ही डब्ल्यू एकदम हातात येत नाहीत हो.

भरीत_पुरी:
खायचे शब्द सांगा ना कुणीतरी, तेवढे मला येतील

शब्दवेडी_ताई:
घे. बाजरी, ज्वारी (जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, जोवार), ओवा म्हणजे अजवान, कोकम (के-ओ-के-यू-एम, दोन के म्हणजे एक ब्लँक लागणार, के एकच असतो), डोसा, समोसा, पकोडा म्हणजे पकोरा, भजी, लस्सी, चहा पण, सी-एच-ए-आय. आणि तुझ्या नावातलं वांगं, ब्रिंजल, पोटात जे घेऊन बसलेलं. गूळ म्हणजे जॅगरी.

भरीत_पुरी:
बाजरी ज्वारी इंग्रजीत आणि आमचं भरीत नाही 😭

परदेशी_पाखरू:
ताई, यातले बरेच कॉलिन्सचे आहेत हं, आमच्याकडं कोकम लावलं तर समोरचा चॅलेंज करतो, यादीत सापडत नाही आणि पाळी जाते. माझी गेलीय.

घाटावरचा:
मला एक कळत नाही, एकाच शब्दाची इतकी स्पेलिंग चालतात कशी? परवा मी धोती लावलं, समोरच्यानं त्याच डावात दोन ओ वालं धूती लावलं, म्हटलं हे काय, तर तेही बरोबर.

शब्दवेडी_ताई:
धोतराची चार आहेत घाटावरचा. डी-एच-ओ-टी-आय, डी-एच-ओ-ओ-टी-आय, त्याच्या शेवटी ई लावून, आणि डी-एच-यू-टी-आय. कंपनी सरकारच्या काळात प्रत्येक साहेबानं आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आणि कोशवाल्यांनी पुढं सगळं जमा केलं. साडीची दोन, राणीची दोन, पूजेची तर पी-यू-जे-ए, पी-ओ-ओ-जे-ए आणि दोन्हींच्या शेवटी एच लावून अजून दोन. फकीर तर सी सोडून सगळ्यांनी होतो, के नं होतो, क्यू नं होतो, क्यू-यू नं होतो. शाळेत या एकेका स्पेलिंगसाठी आपण पट्टी खाल्लीय.

आता हातात काय टाइल्स आहेत त्यावर स्पेलिंग निवडायचं. आय जास्त झालेत तर राणी आर-ए-एन-आय, ई जास्त झालेत तर डबल ई. तूप पण दोन प्रकारचं, जी-एच-ई-ई आणि जी-एच-आय. अर्थ तोच, रॅक वेगळा.

शुद्धलेखन_पोलीस:
माझा एक मूलभूत आक्षेप आहे. हे सगळे «आपले» शब्द म्हणून कौतुक चाललंय, पण यातले संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्तानी किती आणि मराठी किती? स्वराज मराठी असतं तर स्वराज्य झालं असतं. मराठीतून सरळ इंग्रजीत गेलेला म्हणून कोशात ठळकपणे नोंदलेला शब्द म्हणजे मुंगूस, मॉन्गूज. बाकी पेशवा चालतो, पण तो फारसी.

दुसरं, अर्थ न कळता याद्या पाठ करण्याला भाषा येणं म्हणत नाहीत.

परदेशी_पाखरू:
म्हणत नाहीतच. पण खेळ येणं म्हणतात. नायजेल रिचर्ड्स नावाचा न्यूझीलंडचा माणूस आहे, इंग्रजीचा पाच वेळा जगज्जेता. २०१५ ला त्यानं फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, फ्रेंच बोलता येत नसताना, साधारण नऊ आठवडे फ्रेंच यादी डोक्यात कोंबून. २०२४ ला स्पॅनिशची जिंकली. थायलंडचे दोघं इंग्रजीचे जगज्जेते झाले, २००३ ला पानुपोल सुज्जायाकोर्न आणि २००९ ला पाकोर्न नेमित्रमानसुक, आणि तिथं रोजच्या व्यवहारात इंग्रजी किती चालतं ते जाऊन आलेल्यांना विचारा. शब्द म्हणजे त्यांना अक्षरांचा आकडा आहे, बस.

शुद्धलेखन_पोलीस:
हे ऐकून वाईट वाटलं.

परदेशी_पाखरू:
मला पहिल्यांदा वाटलं होतं. नंतर त्याच क्लबात इंग्रजीच्या एका प्राध्यापकांना नववीतल्या पोरानं १८० नं हरवलेलं बघितलं आणि हसू आलं. आत्यांची अडचण तीच आहे बघा, त्यांना इंग्रजी फार येतं. जो शब्द वाचनात आला नाही तो नाहीच असं त्यांना वाटतं.

खिडकीतला_बोका:
हे वाक्य मी आत्याला वाचून दाखवणार नाही. पण धागा दाखवलाय, टॅबवर अक्षर मोठं करून वाचतेय.

रात्रपाळी:
स्क्रॅबल नाही, पण वर्डलवाल्यांनी (रोजचा पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा, अक्षर जागेवर बरोबर तर हिरवं, जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर करडं) लिहिलं तर चालेल का? मी ड्युटीवर बारा वाजायची वाट बघणाऱ्यातला. सारखी अक्षरं म्हटल्यावर मला आय-जी-एच-टी च आठवतं. दुसऱ्याच प्रयत्नात शेवटची चार अक्षरं हिरवी, वाटतं जिंकलो, आणि मग एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, आठ आठ उरतात आणि प्रयत्न चार. माझी ९४ दिवसांची साखळी साइट नं तोडली, तो सर्वात शेवटी ठेवला होता.

शब्दवेडी_ताई:
चालेल की. अशा वेळी एक एक करून बघत बसायचं नाही रे, एक प्रयत्न मुद्दाम वाया घालवायचा. फर्न्स लिही, एफ-ई-आर-एन-एस. त्यात आय-जी-एच-टी पैकी एकही नाही पण एट, फाइट, राइट, नाइट, साइट या पाचही जणांची पहिली अक्षरं एकदम तपासून होतात. एखादं पिवळं किंवा हिरवं झालं की उत्तर मिळालं. सगळी करडी झाली तर उरले लाइट, माइट, टाइट, आणि अजून तीन प्रयत्न आहेत. हार्ड मोड लावला असशील तर मात्र हे जमणार नाही, तिथं हिरवी अक्षरं पुन्हा लिहावीच लागतात. ए-टी-सी-एच ला पण हेच, बॅच कॅच हॅच लॅच मॅच पॅच वॉच.

रात्रपाळी:
ताई पाय कुठं आहेत

घाटावरचा:
व्ही बद्दल कुणी बोलेना. माझ्याकडं कायम व्ही येतो.

परदेशी_पाखरू:
व्ही सगळ्यात वाईट. क्यू ला निदान ची आहे, व्ही चा दोन अक्षरी शब्द ना आमच्या यादीत ना कॉलिन्समध्ये, एकही नाही. म्हणून बोर्डावर कुठं व्ही बसला की त्याच्या शेजारून समांतर शब्द घालता येत नाही, वाट बंद. हुशार लोक पुढं असताना हे मुद्दाम करतात, आपली आघाडी सांभाळायला. चार-पाच अक्षरी पाठ कर मग. देव (डी-ई-व्ही-ए, देवा), वीणा दोन्ही प्रकारे, व्ही-आय-एन-ए आणि डबल ई नं. शिव पण चालतो.

घाटावरचा:
अरे वा, शिव चालतो?

परदेशी_पाखरू:
चालतो, पण तो आपला नव्हे. एस-एच-आय-व्ही म्हणजे कैदी लोक लपवून ठेवतात तो चाकू. हर हर.

चहाबाज:
माझी अडचण उलटी. स्वर येतच नाहीत, सगळी व्यंजनं.

शब्दवेडी_ताई:
मग हं हं करत बस, खरंच. एच-एम-एम चालतो, एस-एच-एच चालतो, बी-आर-आर, टी-एस-के (आपण च्च च्च करतो ते), पी-एस-एस-टी. आणि डब्ल्यू ला स्वर धरणारे वेल्श लोक आहेत, त्यांची कृपा, सी-डब्ल्यू-एम म्हणजे दरी. उच्चार कूम. स्वर फार झाले तर ए-ए, हवाईतला खडबडीत लाव्हा, आणि ए-आय, तीन बोटांचा आळशी प्राणी.

घाटावरचा:
झेड चं पण सांगून टाका मग

शब्दवेडी_ताई:
झेड फार त्रास देत नाही, जमीनदार, जनाना, निजाम, बाजार (मध्ये एक ए घाल नाहीतर दोन, दोन्ही चालतात), इज्जत पण चालते पण तिला झेड दोन लागतात. लोक उगाच जॅझ च्या मागं लागतात. एक झेड खरा आणि दुसऱ्याला ब्लँक घालायचा, ब्लँकला शून्य, म्हणजे मिळतात १९ आणि सोन्यासारखा ब्लँक गेला. पिझ्झाझ मध्ये चार झेड, डब्यात एक झेड आणि दोन ब्लँक, तो शब्द यादीत असून कुणाला कधी लावताच येणार नाही. यादीत बसून नुसतं बघायचं.

झेड आणि जे दोन्ही हातात असतील तर मुझिक्स, एम-यू-झेड-जे-आय-के-एस, रशियन शेतकरी. पहिल्याच चालीला नीट बसवला तर १२८ होतात. आणि झेड-क्यू एकत्र म्हणजे कझीक, कॅरिबियन बाजूचे टोळीप्रमुख, त्याचं अनेकवचन लावून १९८२ साली कार्ल खोशनॉनं एका चालीत ३९२ घेतले होते. मी ३९२ मध्ये अख्खा डाव संपवते.

शुद्धलेखन_पोलीस:
एक विचारू का. एस च्या टाइल्स चारच का? इंग्रजीत तर एस शिवाय पान हलत नाही.

परदेशी_पाखरू:
म्हणूनच. हा खेळ काढणारा आल्फ्रेड बट्स, मंदीत काम गेलेला आर्किटेक्ट. त्यानं वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कुठलं किती ठेवायचं ते ठरवलं, म्हणून ई १२ आणि क्यू एक. फक्त एस हिशोबापेक्षा कमी ठेवला, नाहीतर लोकांनी प्रत्येक शब्दाला एस चिकटवून अनेकवचनं करत खेळ संपवला असता. १९३८ ला बोर्डासकट खेळ तयार होता, नाव होतं क्रिस-क्रॉसवर्ड्स, स्क्रॅबल हे नाव १९४८ चं.

शुद्धलेखन_पोलीस:
हे बाकी छान. धन्यवाद.

खिडकीतला_बोका:
रविवारचा वृत्तांत.

पूर्ण आठवडा यादी घोकली, बायको म्हणाली एमपीएससी देतोयस का. डावात तिसऱ्याच चालीला माझ्याकडं आर आणि जे, आणि बोर्डाच्या तळाला एक ए आधीच बसलेला. मला हसूच आवरेना. सगळ्यात खालच्या ओळीत डावीकडं, आर बरोबर डबल लेटरवर बसेल असं राज लावलं, ११ पॉइंट, आणि आत्याकडं बघितलं की आता कर चॅलेंज. आत्या काही बोलली नाही. चष्मा पुसला. पान जमवलं. मग माझ्या राज च्या अलीकडं एक एक करत तीन टाइल्स ठेवल्या, ए, मग डब्ल्यू, आणि एस कोपऱ्यातल्या लाल घरात, ट्रिपल वर्ड.

स्वराज. १६ त्रिक ४८.

मी म्हटलं आत्या हा शब्द तुला कुठून... तर म्हणे तूच टॅब दिलास की वाचायला. आणि वर म्हणे राज तुझं राहू दे, स्वराज माझं.

१३० नं हरलो. आता एकच विचारायचंय, स्वराज च्या पुढं काही लागतं का? अनेकवचन वगैरे? परत तीच वेळ आली तर निदान मागून तरी घुसेन.

परदेशी_पाखरू:
लागतं, ई-एस. स्वराजेस. राज ला पण लागतं, राजेस.

पण हे इथं लिहायला नको होतं बहुतेक. आत्या वाचतायत ना?